तार्झानका आणि रोक्सांदा आत्याचे चाळीस दिवस

वेलिमिरला आपले केस मागे मानेवर रुळावेत असं वाटलं, खरं तर गोष्ट एवढीच. त्यात कुणी मरावं असं त्याच्या मनात नव्हतं, आणि हे त्याने पुढे रोक्सांदा आत्याला शपथेवर सांगितलं.

झालं असं, की आठवीच्या वर्गाचं पस्तीस वर्षांनंतरचं संमेलन सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ठरलं. आमंत्रण आलं ते एप्रिलमध्ये. ते वाचून वेलिमिर आरशासमोर गेला, हातातल्या दुसऱ्या आरशातून त्याने आपल्या डोक्याचा मध्य पाहिला, आणि तिथे उगवलेल्या चंद्राची कोर गेल्या वर्षापेक्षा वाढली आहे हे त्याला मान्य करावं लागलं. काठचे केस अजून दाट होते. पण किती दिवस? पाच वर्षांनी पुन्हा संमेलन होईल तेव्हा मानेवर वाढवायला काही उरलेलं असेलच याची हमी कोण देणार? म्हणजे करायचं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

करायची होती तार्झानका. पुढून आणि कानांवरून बारीक, आणि मागे कॉलरच्या खाली उतरलेले केस, त्याला सगळे तार्झानका म्हणत. वेलिमिर पाचवीत असताना एका हिवाळ्याच्या सकाळी ती घेऊन शाळेत गेला, आणि पंधरा दिवसांत वर्गातल्या अकरा मुलांच्या मानेवर केस आले. वर्तमानपत्रात आलेल्या कुठल्याशा फुटबॉलपटूचा फोटो आपणच न्हाव्यासमोर धरला होता, असं त्याला लख्ख आठवत होतं. त्यानंतरच्या एकोणचाळीस वर्षांत वेलिमिरचं बघून कुणी काही केलं नव्हतं. वाल्येवो शहराच्या ज्या कचेरीत तो पाण्याच्या मीटरांची नोंद ठेवायचा तिथे लोक त्याचं पेन उचलून न्यायचे, पण त्याची कल्पना कुणी उचलली असं कधी घडलं नाही. आणि आता नदीकाठच्या रस्त्यावर विशीतली मुलं तीच तार्झानका मिरवत होती, जणू त्यांनीच ती शोधून काढली. वेलिमिरला ते बघून आनंद व्हावा की संताप यावा हेच कळेना.

केस वाढू लागले तशी त्याची नजरही वाढली. इतकी वर्षं कपडे अंग झाकायला असतात अशी त्याची समजूत होती. आता त्याला लोकांच्या कॉलरी दिसू लागल्या, पँटच्या घड्या दिसू लागल्या. एकदा जेवताना त्याने बायकोला, देसांकाला, तिच्या झग्याची खांद्याची शिवण खांद्याच्या दोन बोटं खाली आली आहे असं सांगितलं. देसांकाने चमचा खाली ठेवला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याला तिच्या खांद्याची शिवण दिसल्याची ही पहिलीच वेळ होती. रागवावं की लाजावं हे न ठरल्यामुळे तिने त्याला आणखी सूप वाढलं.

ऑगस्टपर्यंत मागचं मुठीत धरण्याइतकं वाढलं, पण कानांवरचंही वाढलं आणि वेलिमिर मधल्या अवस्थेत अडकला. त्याने नोवी साद शहरात राहणाऱ्या मुलीला, तियानाला, फोन केला. ती म्हणाली, "बाबा, अर्धवट वाढलेल्या केसांत माणूस आजारी दिसतो. दाढीही राहू द्या, शेवटी न्हावी सगळं एकदम बसवील. आणि तोवर काळे शर्ट घाला, म्हणजे हे मुद्दाम केल्यासारखं वाटेल." मुलीला फॅशन कळते यावर त्याचा विश्वास होता. त्याने तीन काळे शर्ट घेतले आणि ऑगस्टच्या त्या होरपळीत गळ्याशी बटण लावून घालू लागला.

आता काळा शर्ट आणि न केलेली दाढी याचा अर्थ वाल्येवोत शेंबड्या पोरालाही कळतो. घरातलं माणूस गेलं की पुरुषाने चाळीस दिवस दाढीला आणि केसांना हात लावायचा नाही. वेलिमिरलाही हे माहीत होतं. वडील गेले तेव्हा त्याने स्वतः ते पाळलं होतं. पण दुसऱ्याच्या हनुवटीवर जे चटकन दिसतं ते आपल्या हनुवटीवर असलं की दिसत नाही. तो आरशात बघायचा तेव्हा त्याला तार्झानका दिसायची.

एका सोमवारी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या विदोसावाकाकू भेटल्या. त्या इमारतीच्या व्यवस्थापक होत्या. जिन्यातले दिवे, गच्चीची किल्ली आणि शेजाऱ्यांची सुखदुःखं ही तिन्ही खाती त्यांच्याकडे असायची. त्यांनी पिशवी खाली ठेवली, वेलिमिरचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "देव क्षमा करो."

कुणी गेलं की म्हणायचं हे वाक्य ऐकलं की तिथला कुठलाही माणूस तेच वाक्य परत म्हणतो. विचार करायला वेळच मिळत नाही. "देव क्षमा करो," वेलिमिर म्हणाला, आणि काकूंचे डोळे भरून आलेले पाहून त्यांच्याच घरात कुणी गेलं असावं असं समजून त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंना वाटलं, बिचाऱ्याला आधार लागतो आहे. त्या तशाच उभ्या राहिल्या. दोघं एकमेकांचं सांत्वन करत चांगली पाच मिनिटं जिन्यात उभी होती.

घरी येऊन त्याने देसांकाला सांगितलं की विदोसावाकाकूंचं कुणीतरी गेलं. कोण ते विचारायला धीर झाला नाही. देसांका मनाने मऊ बाई. बुधवार आणि शुक्रवारचा उपास कधी न मोडणारी. त्या शुक्रवारी उपासाच्या नियमाप्रमाणे तिने लोणी-चरबी न घालता घेवड्याचे दाणे भाजून केले होते. त्यातलं एक भांडं आणि कॉफीचा पुडा घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर गेली. दारातच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. घरातलं माणूस गेलं की त्याच्या आत्म्यासाठी घरचे लोक उपासाचं अन्न शेजारी वाटतात, हे विदोसावाकाकूंना वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं आणि क्रूसाची खूण केली. देसांकाने कॉफी घेतली, दोन-तीन उसासे टाकले, आणि कोण गेलं हे न विचारताच परत आली. दुःखात असलेल्या बाईला असं विचारायचं नसतं. काकूंनीही तिला विचारलं नाही, अगदी त्याच कारणासाठी.

कोण गेलं असेल हे काकूंनी स्वतःच शोधून काढलं. वेलिमिरच्या रक्ताचं म्हणावं असं वडीलधारं माणूस एकच उरलं होतं, डोंगरावरच्या गावातली त्याची रोक्सांदा आत्या. ती दर बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसने यायची, काकूंकडे कॉफी प्यायची, कॉफी पातळ असल्याचं सांगायची आणि निघून जायची. गेले चार बाजार ती आली नव्हती. प्लम पिकले होते आणि ती अंगणात तांब्याच्या कढईत मुरंबा आटवत बसली होती, हे काकूंना कुठून कळणार?

पुढच्या सोमवारी कचेरीतून येताना वेलिमिरला इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीचा कागद दिसला, कुणी गेल्याची बातमी द्यायला लावतात तसा. फोटो होता. तो त्याने ओळखला, कारण तो त्याच्याच लग्नातला होता, आणि त्याची एक प्रत काकूंकडेही होती. मजकूर काळजीपूर्वक जुळवलेला होता. रोक्सांदा आत्या वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अल्पशा आजाराने, अमुक तारखेला. शोकाकुल भाचा वेलिमिर, सून देसांका, नात तियाना आणि समस्त रहिवासी. वेलिमिरने तो तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी त्याचे डोळे पाणावले. मग त्याच्या लक्षात आलं की आत्या मेली तर आपल्याला कळायला हवं होतं.

त्याने गावी फोन लावला. कुणी उचलला नाही. आत्याचा फोन घरात आणि आत्या कढईशी, त्यामुळे तो कधीच उचलला जायचा नाही. पण त्या क्षणी वेलिमिरला ते आठवलं नाही. मग त्याने आत्याच्या गावी जाणाऱ्या बसच्या चालकाला गाठलं. चालक म्हणाला, काल तिने मला कुंपणावरून हाक मारून शिव्या दिल्या, बस धूळ उडवते म्हणून. वेलिमिरला इतकं हायसं वाटलं की तो चालकाला मिठी मारायचा बाकी राहिला. चालकाने मात्र त्याचा काळा शर्ट पाहिला आणि मानेनेच सांत्वन केलं.

त्याने दारावरचा कागद काढला. दुसऱ्या दिवशी तिथे नवा होता, प्लास्टिकच्या आवरणात, चार खिळ्यांनी ठोकलेला. मग तो धीर करून तिसऱ्या मजल्यावर गेला आणि सरळ सांगितलं, काकू, कुणी गेलेलं नाही, मी तार्झानका वाढवतो आहे. विदोसावाकाकूंनी त्याला बसवलं. साखर घातलेलं पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन देसांकाला फोन केला आणि कुजबुजत सांगितलं, याला एकटा सोडू नकोस, मनाने अजून मान्य केलेलं नाही.

कचेरीत गोष्ट आणखी पुढे गेली होती. त्याच्या साहेबांनी त्याला न विचारता पाच दिवसांची रजा मंजूर केली. सहाव्या दिवशी कर्मचारी विभागाने रजेच्या कागदाला जोडायला मृत्यूचा दाखला मागितला. वेलिमिर म्हणाला, मृत्यूच झालेला नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, मग रजा का घेतली? तो म्हणाला, मी घेतली नाही, दिली गेली. त्यांनी चष्मा काढला. अशा वेळी मृत्यू झाला नसल्याचा दाखला जोडावा लागेल, असं त्यांचं मत पडलं. वेलिमिर नोंदणी कचेरीत गेला. तिथे दीड तास रांगेत उभं राहिल्यावर कळलं की न झालेल्या मृत्यूचा अर्ज छापलेलाच नाही. हयातीचा दाखला मिळतो, पण त्यासाठी हयात व्यक्तीने स्वतः यावं लागतं. खिडकीमागच्या गृहस्थांनी हे सांगताना त्याच्या दाढीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, "तुमच्या बाबतीत ते कठीणच दिसतंय."

एवढं सगळं वेलिमिरने सोसलं. लोक रस्त्यात थांबून हात दाबत, तोही दाबायचा. देसांकाला आता दारात येणाऱ्या प्रत्येकीला कॉफी द्यावी लागे, आणि आपण कुणासाठी रडतो आहोत याचा तिला अधूनमधून विसर पडे. पण केस वाढत होते. मानेवर, कॉलरच्या खाली दोन बोटं. संमेलनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो तिहोमिरकाकांच्या दुकानात गेला. पाचवीतली तार्झानका त्यांनीच केली होती. आता ते अठ्ठ्याहत्तरीचे होते, आठवड्यातून तीनच दिवस दुकान उघडत. दुसऱ्या कुणाकडून ती करून घ्यायची हा विचारही वेलिमिरला पटला नसता.

तिहोमिरकाकांनी खुर्चीवरून टॉवेल झटकला आणि पुन्हा खुर्चीवर ठेवला. म्हणजे बसायचं नाही.

"चाळीस कधी पुरे होतात?" त्यांनी विचारलं.

वेलिमिरने बोटं मोजली. दारावरच्या कागदाप्रमाणे रविवारी. संमेलन शनिवारी.

"मग सोमवारी ये."

त्याने सगळं सांगितलं. तार्झानका, संमेलन, काळे शर्ट, मुरंबा. तो जसजसा बोलत गेला तसतसं ते आपल्याच कानांना खुळचट वाटत गेलं. पन्नास वर्षांचा माणूस पाचवीतल्या केसांसाठी दाढी वाढवतो, आणि आत्या जिवंत आहे म्हणतो. तिहोमिरकाका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साठ वर्षं कात्री धरली, सुतकातल्या माणसाच्या केसाला कधी लावली नाही. तू म्हणतोस ती जिवंत आहे. बरं आहे. घेऊन ये तिला. ती सांगेल काप, मी कापीन."

गावातल्या इतर दोन सलूनमध्ये त्याने फोन केला. नाव सांगताच दोघांनीही सांत्वन केलं.

दुपारच्या बसने तो डोंगरावर गेला. रोक्सांदा आत्या कढईशी बसली होती, काळ्या रुमालाखाली चेहरा लाल झालेला. तिने लाकडी पळा फिरवणं थांबवलं नाही.

"आलास," ती म्हणाली. "पाच आठवडे झाले मला मरून. बसवाल्याने सांगितलं. घरचं कुणी बघायलाही आलं नाही."

वेलिमिर तिच्यापाशी बसला आणि त्याने सुरुवातीपासून सांगितलं. ती मधे मधे मुरंबा चाखत होती. त्याचं सांगून झालं. मग तिने विचारलं, "वय किती लिहिलंय?"

"चौऱ्याऐंशी."

"ऐंशी," आत्या म्हणाली, आणि पळा कढईच्या काठावर आपटला. "चार वर्षं कुठून आणली त्या बाईने? माझी कॉफी पिऊन माझं वय वाढवते." खरं तर कॉफी काकूंची असायची, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

शनिवारी सकाळच्या बसने दोघं वाल्येवोला उतरली. आत्याने ठेवणीतला झगा घातला होता. बाजारातून जाताना एक बाई तिला बघून जागीच बसली. आत्या ताठ मानेने चालत होती. तिहोमिरकाकांच्या दुकानात ती आधी शिरली आणि म्हणाली, "मीच रोक्सांदा. काप ह्याचे." मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली.

तिहोमिरकाकांनी तिला नीट पाहिलं, वेलिमिरच्या गळ्याभोवती चादर बांधली, आणि कात्री हातात घेतली. पण ती चालवली नाही.

"मागचंही काढू ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही काका. मागचं तर ठेवायचं. तेव्हा ठेवलं होतं तसंच. तो फुटबॉलपटूचा फोटो आणला होता ना मी."

"कसला फोटो?" तिहोमिरकाका म्हणाले. आरशात त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. "वीज गेली होती, बाळ. त्या हिवाळ्यात एक दिवसाआड जायची. मी पुढचं केलं, बाजूचं केलं, मागे मशीन लावणार तेवढ्यात अंधार. मेणबत्तीच्या उजेडात पोराच्या मानेवर वस्तरा कसा चालवू? मी म्हटलं, गुरुवारी ये, उरलेलं पुरं करतो. तू आलाच नाहीस. अर्धवट काम डोक्यावर घेऊन सगळ्या गावातून फिरलास. मी किती दिवस बाजारात मान वर करून चाललो नाही. आणि मग इतर पोरांनाही कुठल्या आचरट न्हाव्याने तसंच करून सोडलं, मला वाटलं मला चिडवायलाच करतायत."

वेलिमिर आरशात बघत राहिला. फोटो त्याला अजूनही दिसत होता, वर्तमानपत्राचा तो राखाडी कागदसुद्धा. आणि आता त्याच्या बाजूला एक अंधारी खोली दिसत होती आणि मेणबत्ती शोधणारा एक चाळिशीचा माणूस. दोन्ही खरं कसं असेल हे त्याला उमगेना. कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "वीजच गेली होती. मी तेव्हा तुमच्याकडेच होते, तू रडत आलास घरी. दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं नाही म्हणून पायरीवर बसलास. मीच म्हटलं, कुणी विचारलं तर सांग, अशीच फॅशन आहे."



"तिहोमिरकाका," वेलिमिर म्हणाला, "मागचं ठेवा."

त्यांनी ठेवलं. पुढून आणि कानांवरून बारीक केलं, दाढी उतरवली, आणि मागचे केस विंचरून कॉलरवर सोडले. अर्धा तास त्या एका मानेवर खर्च केला. शेवटी दोन पावलं मागे जाऊन त्यांनी पाहिलं, आणि आपलं काम बघताना न्हाव्याचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

आत्या विदोसावाकाकूंकडे जायला निघाली. कोण रडलं आणि कोण नुसतं आलं होतं, हे तिला तपशिलात ऐकायचं होतं.

दोन वाजता वेलिमिर नदीकाठच्या उपाहारगृहात शिरला. त्याने पांढरा शर्ट घातला होता. लांब टेबलाभोवती वर्ग बसला होता, एकोणीस माणसं, आणि बरीचशी डोकी टेबलासारखीच गुळगुळीत. तो दिसताच सगळे उठून उभे राहिले. त्याची छाती भरून आली. मग त्यांनी मान खाली घातली आणि मिनिटभर शांतता पाळली. वेलिमिरला काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानेही मान खाली घातली. आणि मान खाली घातल्यामुळे ती सगळ्यांना दिसली.

"थांबा," तिसऱ्या बाकावरचा नेबोइशा म्हणाला. तो आता ट्रकांचे सुटे भाग विकायचा आणि त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. "थांबा, थांबा. तार्झानका."

मग एकच गलका झाला. कुणी काय सोसलं होतं ते बाहेर आलं. नेबोइशाला त्या केसांपायी बापाने पट्ट्याने मारलं होतं. दुसऱ्या एकाला आजीने झोपेत धरून कापलं होतं. तिसऱ्याने ते वाचवायला पूर्ण हिवाळा टोपी काढली नव्हती. सगळे विचारू लागले, तो फुटबॉलपटू कोण रे? तुला तेव्हा कुठून कळलं?

वेलिमिर देवाला मानणारा माणूस. एवढे महिने त्याच्या तोंडचं खरं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, तरी पुन्हा खरंच सांगायचं त्याने ठरवलं.

"फुटबॉलपटू कुणी नव्हता," तो म्हणाला. "वीज गेली होती. अर्धेच कापून झाले होते."

सगळे हसले. नेबोइशा हसला नाही. त्याने खुर्ची मागे सारली.

"आम्ही पट्टे खाल्लेत त्याच्यासाठी," तो म्हणाला. "वीज गेली म्हणून खाल्ले काय? तू नेहमीच असा. कधी स्वतःचं मोठेपण घेतलं नाहीस." आणि मग, जरासा अडखळत, "हात लावून बघू?"

वेलिमिरने मान वाकवली. नेबोइशाने मानेवरच्या केसांना हात लावला, मांजराला लावावा तसा हलकेच, आणि बाजूला झाला. त्याच्या मागे दुसरा आला. त्याच्या मागे तिसरा. सूप निवत होतं, वाढपी भांडं धरून उभा होता, आणि पन्नाशीची माणसं रांगेत एक-एक पाऊल पुढे सरकत होती. वेलिमिरची मान भरून आली होती, पण शेवटच्या माणसाचा हात लागेपर्यंत त्याने ती वर केली नाही.